सातवा रकाना

वही बर्डीवरून आणलेली, दोनशे पानी.
रेघा मीच आखल्या, पोराच्या कंपासातल्या तुटक्या पट्टीनं :
तारीख, वारा, ताट, डबी, फुंकर, खोकला.
सातवा रकाना मोकळा सोडला.
कशासाठी, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

वारा मोजायला यंत्र नाही.
पंचफुलाबाईचं लुगडं वाळत असतं गच्चीवर,
ते जिकडं फुगतं ती दिशा लिहायची.
चिमण्यांकडून फुगलं, की वस्तीत कोणी मुंगवड्या घालत नाही.
एका उन्हाळ्यात घातल्या होत्या.
पाहुण्यांच्या दातांखाली कचकच आली,
त्यांनी आधी वाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

ताट म्हणजे चिनी मातीचं, पांढरं, लग्नात आलेलं.
सहा होती, एक उरलं.
सकाळी सहाला छपरावर, संध्याकाळी सहाला खाली, मग बोट फिरवायचं.
रेघ उमटली नाही तर शून्य.
उमटली तर एक.
बोट राखाडी झालं तर दोन,
आणि ताटावर नाव लिहिता आलं तर तीन.
जानेवारीत माझ्या पोरानं अकरा वेळा नाव लिहिलं.
अक्षर सुधारलं त्याचं.

डबी शहरातल्या पोरींनी लावून दिली,
टेंभुर्ण्यांच्या किराण्यात, पत्र्याखाली.
आकडा चढला की दुर्योधनभाऊ डाळ मोजता मोजता
ओरडतो, "बाई, दोनशे चाळीस!"
नवं गिऱ्हाईक दचकून पिशवी मागं घेतं.

फुंकर म्हणजे प्लास्टिकची नळी.
दम लावून फुंकायचं, काटा सरकतो.
पोट्टे पैजा लावतात.
केवळराम उईके, कबड्डीत ज्याचा दम
म्हणे कन्हानच्या पल्याड ऐकू जायचा,
त्याचा काटा एकशे ऐंशीला थांबला.
"नळीच खराब दिसते, बाई."
मी दुसरी नळी दिली.
मग तो काही बोलला नाही,
चपला शोधत राहिला, पायात असताना.

खोकल्यात घरं लिहायची, माणसं नाही.
माणसांची नावं लिहिली की भांडणं होतात.
मेडिकलला जाऊन आलेल्या घरापुढं फुली.

एकदा साहेब आले.
अंगठा ओला करत वही चाळली.
"या ताटाला प्रमाणपत्र आहे का काही?"
"आहे ना," पंचफुलाबाई म्हणाली, "लग्नाचं."
सगळे हसले, साहेबही हसले,
वही परत दिली.
पान सतरावर त्यांच्या अंगठ्याची खूण राहिली, राखाडी.
मी शेजारी लिहिलं : दोन.

आमचे हे तिथंच जातात, ठेकेदाराकडं, राख उपसायला.
पगार दहा तारखेला, कधी वीस.
"ज्या चुलीवर शिजते, तिच्यातच पाणी काऊन ओततेस?"
एवढंच म्हणाले, आणि दोन महिने
वही दिसली की पाठ करून जेवले.
मीही काय केलं?
एक ते त्रेसष्ट, सगळी घरं खोकल्यात लिहिली.
एकेचाळीस सोडून.
एकेचाळीस आमचं.

परवा पहाटे वही उघडली.
सातव्या रकान्यात पेन्सिलीनं,
हजेरीपटावर सही करतात त्याच आडव्या अक्षरात :
रात्री १ ते ४ बंद.
खाली : मागच्या सोमवारीही.
काय बंद, ते लिहिलं नव्हतं.
मी मागचं पान काढलं.
मंगळवार. लुगडं आपल्याकडं. ताट तीन.
खोकला, एकोणीस घरं.
बोट त्या ओळीवर बराच वेळ राहिलं.

ते झोपले होते, तोंड उघडं टाकून.
नळी उशाशी.
काटा कोणी मागं सरकवला नव्हता,
कुठं थांबलाय ते वाकून पाहिलं,
दिवा न लावता, दोनदा.

मग पेन्सिल घेतली, खोकल्यात लिहिलं एकेचाळीस,
आणि ताट घेऊन जिना चढले.
सहाला दोन मिनिटं कमी होती.